दोरीची बंदूक

हुर्शित उस्ताला घाण सहन होत नसे. बंदुका दुरुस्त करणाऱ्याचे हात काळे असायचे, नखांत वंगण असायचं, असं समुद्रकाठच्या सुरमेने गावच्या बाजारात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. पण हा माणूस दुपारच्या बांगेआधी दुकानामागच्या झऱ्यावर जायचा आणि राख लावून, मग साबण लावून, कोपरापर्यंत हात घासत बसायचा. समोरचा चहावाला रोज विचारायचा, "काय उस्ता, नमाजाला निघालात की सोयरीक बघायला?" आणि उस्ता रोज त्याच्याकडे न बघता टॉवेल झटकायचा.

वय पन्नास. अंगाने काटक, मिशी बारीक कातरलेली. बापाने त्याला पोलाद ओळखायला शिकवलं होतं, आणि त्या बाबतीत काळ्या समुद्राच्या त्या सगळ्या किनाऱ्यावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लोखंडाचा तुकडा ऐरणीवर नुसता टाकून, आवाज ऐकून तो सांगायचा, की याची सुरी होईल, याचं बिजागर होईल आणि हे समुद्रात फेकून दे.

त्याचं वाकडं होतं ते डॉल्फिनच्या तेलाशी. वसंत लागला, की सुरमेनेच्या नावा डॉल्फिन मारायला बाहेर पडत. ओढ्याच्या मुखाशी मोठाल्या कढया चढत, त्यांत चरबी रटरटत राही, आणि तो वास आठ-आठ दिवस गावावर बसलेला असे. पडद्यांत, उशांत, मक्याच्या भाकरीत. उस्ता त्या दिवसांत नाकाला फडकं बांधून काम करी. आणि नशीब असं, की बायकोचा सख्खा धाकटा भाऊ इद्रिस हाच गावातला सगळ्यात नावाजलेला डॉल्फिन मारणारा कप्तान. तो बहिणीकडे आला, की उस्ता त्याला कोट बाहेर कुंपणावर टाकून यायला लावायचा.

"दाजी, कातडीपण काढून ठेवू का?" इद्रिस विचारायचा.

"ठेवलीस तर उपकार होतील."

एकोणीसशे चोपन्न सालच्या एप्रिलात इद्रिस दुकानात आला तो काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. पोतं सोडलं तर आत सुलतानाच्या काळातली मार्टिनी. लष्करी रायफल. वरच्या गावातल्या कुणाच्या तरी आजोबांनी रशियाच्या लढाईत वापरलेली, मग पाऊणशे वर्षं गवताच्या माळ्यावर पडलेली. दस्त्याच्या लाकडाला कीड लागलेली, पण खटका खाली ओढला तर आतला ठोकळा असा लोण्यासारखा सरकला, की उस्ताचे डोळे चमकले.

"ही दुरुस्त करून काय करणार? हिच्या गोळ्याही मिळत नाहीत आता."

"गोळी नाही मारायची हिच्यातून. भाला मारायचाय. मागे दोरी बांधलेला भाला."

इद्रिसने स्टूल ओढलं आणि सांगायला लागला. डॉल्फिन गोळीने मारला, की हिवाळ्यात ठीक असतं, अंगावर चरबी असते, तरंगतो. वसंतात रोडावलेला असतो. गोळी लागली की धोंड्यासारखा तळाला. हूक लावेपर्यंत संपलं.

"दहा मारले की किती हाती लागतात?" उस्ताने विचारलं.

"चार. फार तर पाच."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे बुडाले."

"बुडाले म्हणजे?"

"म्हणजे बुडाले, दाजी! आता काय त्यांच्या मागे मी उडी मारू?"

इतकी वर्षं तेलाच्या वासाने उस्ताला मळमळायचं. पण निम्म्याहून जास्त जनावरं तेलही न होता, कुणाच्या पोटातही न जाता तळाला कुजत जातात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. हाताला काहीतरी चिकट लागल्यासारखं त्याने हात पँटला पुसले.

"मग मारतोस कशाला इतके?"

"त्या चारांसाठी."

"आणि दोरी लागली तर?"

"तर दहाला दहा. नव्हे, मग दहा मारायचेच कशाला? चार मारीन, चार आणीन."

हे शेवटचं वाक्य उस्ताच्या मनात बसलं. त्याने फडताळातून दुपारची भाकरी काढली आणि इद्रिससमोर ठेवली. "हिच्यावर हात ठेव. ही बंदूक केली तर बाकीच्या रायफली घरी राहतील. दोरीने येईल तेवढंच आणायचं."

इद्रिसने हात ठेवला. "ठेवला. झालं? आता ती खाऊ का?"

पुढचे तीन आठवडे उस्ता जेवणापुरता घरी जात होता. नळी हातभर आखूड केली. आतल्या सर्पिल खाचा घासून गुळगुळीत केल्या. भाल्यासाठी त्याने एका जुन्या ट्रकच्या आसाचं पोलाद वापरलं, कारण ऐरणीवर त्याचाच आवाज खणखणीत आला. टोकाला दोन पाती, आत जाताना मिटणारी आणि ओढ बसली की उघडणारी. भाल्याच्या अंगात लांब फट, तिच्यात सरकणारी कडी, कडीला दोरी. काडतुसात गोळी नाही, थोडी दारू आणि मेण पाजलेला लोकरीचा बोळा. नवा दस्ता त्याने अक्रोडाचा केला. गुलिझार, त्याची बायको, एकदा डबा घेऊन आली आणि तो दस्ता बघून म्हणाली, "उस्ता, आपल्या घरच्या पाळण्यालासुद्धा तुम्ही एवढं पॉलिश केलं नव्हतंत."

चाचणी किनाऱ्यावर. पेंढ्याचं पोतं वाळूत उभं केलेलं. इद्रिसचा इंजिनवाला सब्री पोत्याला टोपी घालून आला होता. पहिल्या बाराला कडी तुटली आणि भाला दोरीला रामराम करून पूर्वेकडे समुद्रावरून निघून गेला.

सब्री ओरडला, "उस्ता! रशियावर हल्ला झाला! पळा, ते आता उत्तर देतील!"

दुसऱ्या बाराला नळीच्या तोंडच्या जाळाने दोरी जळाली. उस्ताने दोरीचा पहिला वावभर भाग तारेचा केला, कडी नव्याने घडवली. चार दिवसांनी तिसरा बार. भाला पोत्यातून आरपार गेला, पाती उघडली, दोरी ताठ. इद्रिसने ओढलं तर पोतं फरफटत त्याच्या पायाशी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्ता हसला. त्याचे दात बघितलेले लोक गावात फार नव्हते.

मे महिन्यातल्या एका सकाळी तो नावेवर चढला. इद्रिसने नको म्हटलं होतं, पण ओढ बसल्यावर कडी कशी वागते हे उस्ताला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बंदर मागे पडलं तेव्हा त्याच्या पायाला ताडपत्रीखाली काहीतरी लागलं. उचलून बघितलं तर चार रायफली.

"इद्रिस, हे काय?"

"असू देत हो दाजी. सवय आहे त्यांना नावेची. घरी करमत नाही."

नाव वळवा असं म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला नाही. कडीचं काय होतं ते बघायचं होतं.

तासाभरात कळप दिसला. वीस-पंचवीस असतील. नावेच्या पुढे उड्या मारत, कुशीवर होऊन वर बघत. इद्रिस नावेच्या पुढच्या टोकाला गुडघा टेकून बसला. बार झाला. भाला पाठीवरच्या पंखामागे शिरला, दोरी पेटीतून सळसळत गेली, ताठ झाली. कडीने दगा दिला नाही. उस्ताच्या तोंडून "वा!" निघालं.

त्या "वा"ची त्याला पुढे आयुष्यभर किळस आली.

कारण डॉल्फिन मेला नाही. दोरीच्या टोकाला तो गरगरत राहिला आणि ओरडायला लागला. ओरडणं म्हणजे आपल्या कानाला कळेल असं नाही. शिट्टी. बारीक, लांब, न थांबणारी. ती हवेतून येत नव्हती, नावेच्या फळ्यांतून येत होती, बुटांच्या तळव्यांतून वर चढत होती. आणि बाराच्या आवाजाने पांगलेला कळप परत फिरला. सगळाच्या सगळा. ते दोरीभोवती गोळा झाले, दोघे जखमीला दोन्ही बाजूंनी खांदा देऊन श्वासासाठी वर उचलायला लागले.

"संपव त्याला!" उस्ता म्हणाला. "इद्रिस, ओढून घे आणि संपव!"

इद्रिसने मागे वळून बघितलंच नाही. "सब्री, दोरी सैल सोड! मारू नकोस त्याला! ओरडू दे, ओरडू दे!" आणि मग हात मागे करून, "रायफली!"

ताडपत्री निघाली. खलाशांपैकी चौघांनी चार बाजूंना नेम धरले. नेम तरी कसला, जनावरं हाताच्या अंतरावर होती आणि हलत नव्हती. सुटत नव्हती ती जागा त्यांना. अर्धा तास बार होत राहिले. हूक लागले त्यांना वर ओढलं, आणि बाकीचे नेहमीप्रमाणे बुडाले. स्वच्छ पाणी होतं. पांढरी पोटं हळूहळू हिरवी होत खाली जाताना उस्ताला शेवटपर्यंत दिसली. वर ओढलेल्यांत एक मादी होती. तिच्या पोटाखालून दूध येत होतं. रक्तात मिसळून ते फळ्यांवरून ओघळत उस्ताच्या बुटांशी आलं, आणि नावेत जागाच नव्हती पाय मागे घ्यायला.

दोरीवरच्याला सगळ्यात शेवटी मारलं.

इद्रिस उड्या मारत आला. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. त्याने दाजींचं डोकं त्याच हातांनी धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. "तुमच्या हातांना बळ येवो, दाजी! तीन दिवसांचं काम अर्ध्या तासात! हे तर मलाही सुचलं नव्हतं. आज आपोआप कळलं. एक बांधायचा, आणि बाकीचे स्वतःहून येतात!"

उस्ता कठड्यावर वाकला आणि सकाळपासूनचं सगळं ओकला.

"समुद्र लागला उस्ताला!" सब्री म्हणाला, आणि सगळे हसले.

घरी येऊन त्याने कपडे अंगणातच काढले आणि गुलिझारला जाळायला सांगितले. तिने ते जाळले नाहीत, तीनदा धुतले. तो विहिरीवर बसून कपाळ घासत होता, साल निघेपर्यंत.

"पुरे," ती म्हणाली. "बकरी ईदला मेंढी तुम्हीच कापता ना? तेव्हा नाही होत असं काही."

"मेंढीला ओरडायला लावून तिच्या आईला, बहिणीला कोणी बोलावून घेतं का?"

गुलिझारने त्याच्या हातातला साबण काढून घेतला. मग म्हणाली, "भाऊ आहे तो माझा."

"मी त्याला काही म्हटलं का? बंदूक कोणी केली?"

पुढच्या आठवड्यात दुकानाबाहेर रांग. पार ऑफ गावाहून, अराक्लीहून कप्तान आले. सगळ्यांच्या काखेत पोती, पोत्यांत जुन्या लष्करी बंदुका. सगळे त्याला उठून मान देत होते, चहा मागवत होते. "दोरीची बंदूक करणारा उस्ता" असं नावच पडलं. उस्ताला त्या चहाचीही शिसारी आली. तो एकेकाला सांगत होता, होत नाही, वेळ नाही, पोलाद नाही. त्यांना वाटलं भाव खातोय.

मग इद्रिस बंदूक घेऊन आला. भाल्याचं एक पातं वाकलं होतं. "सरळ करा दाजी, उद्या निघायचंय."

उस्ताने बंदूक घेतली, बाकावरच्या शिकंज्यात धरली, घट्ट आवळली. करवत उचलली आणि नळी मधोमध कापायला लागला. इद्रिसला आधी वाटलं, हा दुरुस्तीचाच काही प्रकार असेल. नळीचा तुकडा खाली पडून घणघणला तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"भाकरीवर हात ठेवला होतास तू."

"भाकरीसाठीच करतो की मी! सहा घरं आहेत त्या नावेवर. तुम्ही हात धुऊन नमाजाला जाता, दाजी. आम्ही कुठे जायचं?"

"कुठेही जा. पण माझ्या हातचं घेऊन जाऊ नकोस."

"तुमच्या हातचं!" इद्रिस थुंकल्यासारखं हसला. "मोठे हात! मुआमर आहे ना तिकडे." आणि तो गेला. कापलेली बंदूक शिकंज्यातच राहिली.

मुआमरचं दुकान चार घरं सोडून. उस्ताच्याच हाताखाली शिकलेला, हाताला चपळ, पण घाईचा. दहा दिवसांत त्याने इद्रिससाठी दोरीची बंदूक केली. केली त्या दिवशी त्याने ती दुकानाच्या दारात टांगली, सगळ्यांना दिसावी म्हणून. उस्ता नमाजाहून येताना थांबला. बघायचं नव्हतं, पण डोळे गेले. भाला ठीक होता. कडी बरी होती. पण मार्टिनी जुनाट गंजकी, आणि पाठीमागच्या ठोकळ्याच्या घराला, जिथे सगळा धक्का बसतो तिथे, केसासारखी एक रेघ. मुआमरने ती घासून, पॉलिश मारून झाकली होती. त्याला दिसलीच नसेल, असंही असेल. उस्ताला दिसली. दहा बार, वीस बार. मग एक दिवस भाला पुढे जायच्याऐवजी ठोकळा मागे येईल, नेम धरणाऱ्याच्या उजव्या डोळ्यात.

नेम इद्रिस धरायचा.

तो घरी गेला आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही. कामात होता, कोयत्यांना धार लावत होता, आणि मनात एकच वाक्य फिरत होतं: येऊ दे मागे. एक बार, आणि संपेल सगळं. तिसऱ्या दिवशी दुपारी गुलिझारने भावासाठी विणलेले मोजे दाखवले, त्याला घट्ट तर होणार नाहीत ना विचारलं, आणि उस्ताच्या लक्षात आलं की आपण दोन दिवस याच माणसाचा डोळा फुटायची वाट बघतोय. नावेवरच्या दुधा-रक्तापेक्षा जास्त घाण त्याला त्या क्षणी स्वतःच्या पोटात सापडली.

चौथ्या दिवशी सकाळी तो बंदरावर गेला. इंजिन सुरू होत होतं.

"आता नावही कापायला आलात का?" इद्रिसने विचारलं.

"बंदूक दे."

"मुळीच नाही."

"मी हात लावत नाही. सब्री, तू धर. रॉकेल आण आणि खडू आण."

सब्रीने इद्रिसकडे बघितलं. इद्रिसने खांदे उडवले. उस्ताने ठोकळ्याच्या घरावर रॉकेल लावायला सांगितलं, मग कोरडं पुसायला, मग वर खडूची भुकटी. सगळे वाकून बघत राहिले. थोड्या वेळाने पांढऱ्या भुकटीवर एक काळी रेघ उमटली, अंगठ्याएवढी लांब. फटीत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

इद्रिसने नकळत उजव्या डोळ्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. दुसरी मार्टिनी आणतो. मुआमर आठवड्यात करून देईल."

"मुआमर."

"मग कोण? तुम्ही देणार?"

उस्ताने त्या काळ्या रेघेकडे बघितलं. दुसरी आणेल, तिलाही रेघ असेल, नाहीतर नसेल. आणि त्याने नाही म्हटलं तरी समुद्रावर दोरी जाणारच होती. इतकं सरळ होतं ते, आणि त्या सरळपणाचीच त्याला ओकारी येत होती.

"दुकानात घेऊन ये," तो म्हणाला.

शिकंज्यातल्या मार्टिनीची नळी गेली होती, पण ठोकळ्याचं घर निखळ होतं. त्याने ते मोकळं केलं, मुआमरची नळी त्याच्यात बसवली, नव्याने आटे पाडले. दार लावून काम केलं, कुणाला आत येऊ दिलं नाही. ऐरणीवर एकेक भाग वाजवून घेतला. हातांनी नेहमीसारखंच चोख काम केलं. वाईट करायचं त्यांना माहीतच नव्हतं, आणि त्याला वाटलं, असे हात असण्यापेक्षा लुळे असते तर बरं. संध्याकाळी इद्रिस आला, बंदूक घेतली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"काही बोलू नकोस," उस्ता म्हणाला. "जा."

घरी गुलिझारने काळ्या कोबीचं सार वाढलं. तिला कळलं होतं, गावात काय लपतं.

"केलंत?"

"केलं."

"बरं केलंत."

"बरं नाही केलं," तो म्हणाला. "नुसतं केलं."

ती समोर बसली. तिने त्याच्या पुढ्यात भाकरी सरकवली.

त्यानंतर उस्ताने बंदूक म्हणून हातात घेतली नाही. कोयते, फिंदिकाच्या, म्हणजे हेझलनटच्या, बागांसाठी कुऱ्हाडी, मधमाश्यांच्या पेट्यांचे खिळे, बिजागरं. बंदूक घेऊन कोणी आलं, की चार दुकानं पुढे बोट दाखवायचा. मुआमरने पुढच्या दोन वर्षांत दहा-बारा दोरीच्या बंदुका केल्या, आणि ठोकळ्याचं घर रॉकेल-खडूने तपासायला तो शिकला. कुणाचा डोळा गेला नाही. इद्रिसचे दोन्ही डोळे शाबूत राहिले. तो बहिणीकडे येत राहिला, दाजींशी हवापाण्याचं बोलत राहिला, आणि दाजीही बोलत राहिले, त्याच्या हातांकडे न बघता.

सत्तावन्नच्या वसंतात इद्रिसची नाव अकरा दिवस फिरून दोन डॉल्फिन घेऊन परतली. पुढच्या वर्षी एकही नाही. कढया गंजल्या, त्यांत कोणी कोंबड्यांना पाणी ठेवू लागलं. इद्रिसने जाळी घेतली आणि हामसी, ती बोटभर मासळी, धरायला लागला. चहाच्या दुकानात कप्तान मंडळी बसून एकमेकांना विचारत, डॉल्फिन गेले तरी कुठे? कोणी म्हणे रशियाकडे, कोणी म्हणे पाणी बदललं. उस्ता रस्त्यापलीकडे दुकानात बसून ऐकत असे.

"गेले कुठे म्हणे!" तो ऐरणीला सांगायचा, आणि हातोडा इतक्या जोरात हाणायचा, की पलीकडचे क्षणभर गप्प व्हायचे. मग पुन्हा तोच विषय निघायचा.